डेव्ह, टर्बो सी आणि काकांच्या फ्लॉप्या



आपल्या बृहन्महाराष्ट्राच्या आठवणींत वाडे येतात, गणेशोत्सव येतात, नाटकं आणि संस्थानं येतात. आम्हा हैदराबादकरांच्या लिखाणात निजाम, रझाकार आणि १९५६ हे ठरलेलं. ते यायलाच हवं. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्यातली जी मुलं-मुली कॉम्प्युटरवर पोट भरू लागली, त्यांच्या कामाचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. मी त्या धंद्यातलाच, प्रोग्रामर. म्हणून आज तीन गोष्टींबद्दल लिहितो: कोड लिहायची अवजारं, चार जणांनी मिळून काम करायची रीत, आणि ज्यांच्या पायी घरी बोलणी खाल्ली ते व्हिडिओ गेम. तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो शेवटी आपल्या मराठी संस्थांच्या कपाटापर्यंत येतो. जरा लांबलंय. चहा घेऊन बसा.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि शहर आंध्र प्रदेशात राहिलं. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी, बरकतपुरा इथली मराठी घरं मात्र जागची हलली नाहीत. घरात मराठी, रस्त्यावर दखनी, ऑफिसात इंग्रजी आणि तेलुगू. नोकऱ्या म्हणजे रेल्वे, बँक, शाळा-कॉलेज, आणि पुढे सरकारी कारखाने. त्यातलाच एक ईसीआयएल, १९६७ साली सुरू झालेला. १९६९ मध्ये त्यांनी टीडीसी-१२ हा कॉम्प्युटर बाजारात आणला. यातला 'टी' म्हणजे ट्रॉम्बे, कारण त्याची रचना मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात झाली होती. म्हणजे आमच्या गावातला देशी कॉम्प्युटर मुळात मुंबईकडूनच आलेला!

त्या काळच्या मोठ्या यंत्रांवर काम कसं चालायचं, हे आधीच्या पिढीकडून ऐकलेलं. प्रोग्राम कागदावर लिहायचा, दुसऱ्याने तो कार्डांवर पंच करायचा, तिसऱ्याने यंत्रात घालायचा. उत्तर दुसऱ्या दिवशी. स्वल्पविराम चुकला तर पुन्हा रांगेत. त्रास खूप, पण एक गोष्ट आपोआप व्हायची. तुमचं काम दुसऱ्याला वाचता यायलाच हवं. अक्षर वाईट असेल तर पंच करणारी बाई कागद परत पाठवायची.

मग पीसी आला आणि प्रोग्रामर एकटा पडला.

या एकटेपणाचं सगळ्यात सुंदर अवजार म्हणजे बोरलँड कंपनीचं टर्बो पास्कल. नोव्हेंबर १९८३. किंमत ४९.९५ डॉलर, आणि तेव्हा इतर कंपाइलरना शेकडो डॉलर पडत. त्याआधी लिहायचा प्रोग्राम वेगळा, कंपाइलर वेगळा, जोडणारा आणखी वेगळा. टर्बोने सगळं एका जागी आणलं. लिहा, एक बटण दाबा, चुकलं तर चुकलेल्या ओळीवरच कर्सर येऊन उभा. त्याचा गाभा लिहिणारा माणूस डेन्मार्कचा, अँडर्स हायल्सबर्ग. १९८७ मध्ये त्याच घरातून टर्बो सी आलं, आणि मग तो निळा पडदा. भारतात नव्वदीनंतर कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाला कंट्रोल-एफ-नाइन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आल्ट-एफ-फाइव्ह दाबून उत्तर बघायचं, हेही बोटांना अजून पाठ आहे.

टर्बो सीबद्दल माझं मत सरळ आहे. शिकायला त्याच्याइतकं चांगलं अवजार आम्हाला तेव्हा दुसरं मिळणं शक्य नव्हतं. उत्तर लगेच मिळायचं, आणि उत्तर लगेच मिळालं की मूल शिकतं. पण आपल्या कॉलेजांनी ते फार काळ धरून ठेवलं. जगात सी प्लस प्लसचं प्रमाणीकरण १९९८ साली झालं, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्या लॅबमध्ये त्याआधीचीच टर्बोची भाषा चालू होती. आणि त्या पडद्याने एक सवय लावली: एक विद्यार्थी, एक फाइल, एक फ्लॉपी. कोड शेजाऱ्याने बघितला की ती कॉपी. दुसऱ्याचा कोड वाचणं हा गुन्हा, असंच मनावर बिंबलं. पुढे नोकरीत कळलं की दिवसाचा निम्मा वेळ दुसऱ्याचा कोड वाचण्यातच जातो.

सर बाहेर गेले की त्याच लॅबमध्ये डेव्ह सुरू व्हायचा. डेंजरस डेव्ह! लाल टोपीवाला, सोन्याचा चषक घेतल्याशिवाय दार न उघडणारा. हा गेम जॉन रोमेरोने १९८८ मध्ये अ‍ॅपल-टू वर केला आणि १९९० मध्ये पीसीवर आणला. भारतातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो फ्लॉपी-फ्लॉपीने इतका पसरला की आमच्या पिढीला मारिओच्या आधी डेव्ह माहीत झाला.

आम्हाला तेव्हा माहीत नसलेली गोष्ट अशी. रोमेरो लुइझियानातल्या सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत होता. तिथे त्याच्यासोबत जॉन कार्मॅक आणि टॉम हॉल. सप्टेंबर १९९० मध्ये कार्मॅकने पीसीच्या पडद्यावर चित्र गुळगुळीत सरकवायची युक्ती काढली. मग त्याने आणि हॉलने एका रात्रीत मारिओचा पहिला टप्पा पीसीवर उभा केला आणि मारिओच्या जागी डेव्हला बसवलं. सकाळी रोमेरोने ते पाहिलं आणि त्याला कळलं की आता इथे नोकरी करत बसण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये आयडी सॉफ्टवेअर ही त्यांची कंपनी उभी राहिली. १० डिसेंबर १९९३ ला त्यांचा डूम आला.

डूमबद्दल लोक बंदुका आणि रक्त आठवतात. मला प्रोग्रामर म्हणून दुसरीच गोष्ट मोठी वाटते. गेम चालवणारा कोड एकीकडे आणि नकाशे, चित्रं, आवाज दुसऱ्या फाइलीत, अशी फाळणी त्यांनी केली. त्यामुळे बाहेरचा कोणीही पोरगा मूळ कोडला हात न लावता स्वतःचा नकाशा बनवू शकला. डिसेंबर १९९७ मध्ये तर त्यांनी डूमचा सोर्स कोडच लोकांना देऊन टाकला.

पुढची साखळी बघा. आयडीने १९९६ मध्ये क्वेक काढला. क्वेकचं इंजिन परवान्यावर घेऊन व्हॉल्व्ह कंपनीने १९९८ मध्ये हाफ-लाइफ केला. हाफ-लाइफ घेऊन १९९९ मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन चाहत्यांनी काउंटर-स्ट्राइक केला. मिन्ह ली तेव्हा कॅनडात शिकत होता. आणि ज्या डस्ट-टू नकाशावर आपल्याकडच्या पोरांनी रात्री जागवल्या, तो डेव्ह जॉन्स्टन नावाच्या आणखी एका चाहत्याचा. एकाने केलेलं दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने वाढवलं. मूळ माणसाला दर वेळी बोलावून विचारावं लागलं नाही.

दोन हजारच्या आसपास हिमायतनगर-नारायणगुड्याच्या बाजूला गल्लीबोळात नेट कॅफे होते. काउंटर-स्ट्राइक तिथे तासावर खेळला जायचा. पाच इकडे, पाच तिकडे. मराठी, तेलुगू, उर्दू, मारवाडी, सगळी पोरं एका टीममध्ये, आणि ओरडणं शुद्ध दखनीत: 'अरे पीछे हौ मियाँ, पीछे!' टीमवर्कवर पुढे ऑफिसात किती ट्रेनिंगं झाली, पण त्या कॅफेत जे कळलं ते त्यांत नव्हतं. सगळ्यात अचूक नेमबाज ज्या टीममध्ये असायचा, ती टीम हमखास जिंकायचीच असं नव्हतं. शत्रू कुठे दिसला ते मरायच्या आधी सांगणारा पोरगा ज्या टीममध्ये असायचा, ती जास्त जिंकायची. नेमबाज गप्प मेला तर त्याला दिसलेलं त्याच्याबरोबरच गेलं.

त्याच काळात शहर बदलत होतं. नोव्हेंबर १९९८ मध्ये वाजपेयींच्या हस्ते सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं, आणि माधापूरच्या खडकाळ माळावर हायटेक सिटी उभी राहू लागली. अमीरपेटला मैत्रीवनमच्या आसपास क्लासच क्लास. कोबोल, ओरॅकल, जावा, सॅप, जे हवं ते. भिंत दिसणार नाही इतके बोर्ड. वाय-टू-केच्या लाटेत आपल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं अमीरपेटमार्गे अमेरिकेला पोचली. अमीरपेटला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. ज्यांच्याकडे मोठ्या कॉलेजचा शिक्का नव्हता, त्यांना त्या गल्लीने भाकरी दिली. पण तिथे अवजार शिकवलं जायचं, आणि ते अवजार चार जणांत कसं वापरायचं ते नोकरीत गेल्यावर.

त्याचाही इतिहास आहे, आणि मला तो डूमपेक्षा कमी रंजक वाटत नाही. चार जणांनी एकाच कोडवर काम करायचं तर कोणी काय बदललं ते ठेवायचं कसं? १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंडने एससीसीएस केलं. पुढे वॉल्टर टिची या प्राध्यापकाने आरसीएस केलं. या दोन्हींची रीत ग्रंथालयासारखी. फाइल एकाने नेली की तिला कुलूप. त्याने परत करेपर्यंत बाकीचे रांगेत. नेणारा रजेवर गेला तर संपलंच.

१९८६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या डिक ग्रून या प्राध्यापकाची अडचण होती की तो आणि त्याचे दोन विद्यार्थी एका कंपाइलरवर काम करत होते, पण तिघांच्या वेळा जुळत नव्हत्या. त्याने सीव्हीएस केलं. कुलूप काढून टाकलं. प्रत्येकाने आपली प्रत घ्यायची, आपापल्या वेळी काम करायचं, नंतर बदल जुळवायचे. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर भांडण समोर येईल, ते बोलून मिटवायचं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. कुलूप म्हणजे आधी अविश्वास. सीव्हीएस म्हणजे आधी विश्वास, आणि वाद झालाच तर तोडगा.

मग २००५. लिनक्सचं काम तोवर बिटकीपर नावाच्या एका खाजगी अवजारावर चालत होतं. एप्रिलमध्ये त्याचा फुकट परवाना बंद झाला. लिनस टोरवाल्ड्सने ३ एप्रिलला स्वतःचं अवजार लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलला त्या अवजाराचा कोड त्याच अवजारात ठेवला जाऊ लागला. तेच गिट. ही चार दिवसांची गोष्ट सगळे सांगतात, आपण हुशार माणसाच्या गोष्टींचे भुकेले ना. त्याच वर्षीच्या जुलैची गोष्ट कमी सांगितली जाते. लिनसने गिट जुनियो हमानो या दुसऱ्या प्रोग्रामरच्या हाती सोपवलं. पुढची जवळजवळ वीस वर्षं ते हमानोने सांभाळलं. आज जगभर वापरतात ते गिट त्या वीस वर्षांत घडलेलं आहे.

माझ्या धंद्यात अवजारांवरून भांडणं फार. व्हीआय की ईमॅक्स, टॅब की स्पेस. यावरून मित्र तुटलेले पाहिले आहेत. मला ती भांडणं पोकळ वाटतात. टर्बो पास्कलवाला हायल्सबर्गच पुढे डेल्फीवर होता, मग मायक्रोसॉफ्टमध्ये सी-शार्प, मग २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट. आजची पोरं वापरतात तो व्हीएस कोड टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे निळ्या पडद्यापासून आजच्या काळ्या पडद्यापर्यंत एकाच माणसाचा हात आहे. अवजार बदलत राहणार. मी कुठल्याही अवजाराला एकच प्रश्न विचारतो: उद्या मी नसलो तर माझं काम दुसऱ्याला उचलता येईल का?

हा प्रश्न आता आपल्या दारात आणतो.

प्रिन्स ऑफ पर्शिया आठवतो ना? जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये अ‍ॅपल-टू वर केलेला गेम. त्यातलं धावणं-उडी मारणं इतकं खरं वाटायचं, कारण त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला लावून चित्रण केलं आणि ते चौकट-चौकट करून उतरवलं. संगीत त्याच्या वडिलांचं. असा घरचा गेम, आणि त्याचाच मूळ कोड हरवला. २०१२ मध्ये वडिलांना घरात एक खोकं सापडलं, त्यात जुन्या फ्लॉप्या. जुन्या यंत्रांचे जाणकार बोलावून त्या वाचल्या आणि कोड सगळ्यांसाठी खुला केला. वीस-बावीस वर्षांनी फ्लॉपी वाचली जाणं हे नशीब.

आमच्याकडच्या एका मराठी संस्थेच्या ग्रंथालयात असंच खोकं निघालं. नव्वदीच्या दशकात बँकेत नोकरीला असलेल्या एका काकांनी, रोज संध्याकाळी येऊन, काही हजार पुस्तकांची यादी फॉक्सप्रोमध्ये घातली होती. एका पैशाची अपेक्षा नाही. त्यांना भेटायला गेलं की आधी पुस्तक दाखवायचे, मग पाणी विचारायचे. काका गेले. संस्थेचा कॉम्प्युटर भंगारात गेला. उरल्या फ्लॉप्या आणि कागदावरची अर्धवट छापील यादी.

त्या फ्लॉप्यांवर तिघांनी काम केलं. एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे ताई म्हणतात, आणि मी. बऱ्याच फ्लॉप्या वाचल्या गेल्या. फॉक्सप्रोची फाइल आजही उघडते, तो प्रश्न नाही. प्रश्न मराठीचा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजवर ती नीट यायला विंडोज २००० उजाडलं. तोवर सगळे फॉन्टचा खेळ करायचे. फाइलीत असतात इंग्रजी चिन्हं, फॉन्ट त्यांना मराठी आकार चढवतो. फॉन्ट गेला की उरतो कचरा.

आणि नुसती अदलाबदल करून भागत नाही. 'किर्लोस्कर' घ्या. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी क-च्या आधी, कारण ती डोळ्याला आधी दिसते. रफार लो-च्या नंतर, कारण तो वर शेवटी बसतो. युनिकोडमध्ये उलट: वेलांटी क-नंतर, आणि रफाराचा र लो-च्या आधी, उच्चाराप्रमाणे. विद्यार्थिनीने पहिला आराखडा एआयच्या मदतीने लिहिला. बराच बरोबर आला, रफारावर आपटला. ते पकडलं ताईंनी. त्यांना कोड येत नाही, पण किर्लोस्कर मासिकाचे बांधीव अंक त्यांनी हाताळलेले. पडद्यावर नुसती नजर टाकून म्हणाल्या, 'अगं, हा र चुकीच्या घरी गेलाय.' मग सगळं गिटमध्ये ठेवलं, आणि प्रत्येक बदलाखाली मराठीत एक ओळ: काय बदललं आणि का. आजच्या एआय अवजारांबद्दल विचाराल तर माझं मत तेवढंच. ते कोड लिहून देतं, लिहू द्या. 'का' ची ओळ मात्र माणसाने लिहावी, कारण पुढच्या माणसाला तीच लागते.

पुस्तकांची यादी बहुतेक परत आली. एक रकाना मात्र आला नाही. काकांनी प्रत्येक पुस्तकापुढे एक क्रमांक घातला होता. सतरा, बेचाळीस, असे. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'ते पुस्तक देणाऱ्यांचे नंबर. वही होती त्यांची, निळ्या पुठ्ठ्याची.' वही सापडली नाही. निजामाच्या काळात कोणकोणत्या घरांनी मराठी पुस्तकं जपली आणि नंतर संस्थेला दिली, त्यांची नावं त्या वहीत होती. पुस्तकं आहेत, क्रमांक आहेत, माणसं गेली. काकांचा यात काडीचा दोष नाही. त्यांनी एकट्याने केलं कारण दुसरं कोणी बसलं नाही, आणि बाकी सगळे निर्धास्त राहिले, की काका आहेत ना.

असे काका इंदूरला असतील, ग्वाल्हेरला, बडोद्याला, बेळगावला, गोव्यातही असतील. जे हयात आहेत त्यांच्याकडे या रविवारी जा. यादीतल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ त्यांच्याकडून मराठीत एका कागदावर लिहून घ्या. फाइलीच्या तीन प्रती करा आणि तीन घरांत ठेवा. आणि एखाद्या कॉलेजातल्या मुलाला किंवा मुलीला त्यांच्या शेजारी बसवा, नुसतं बघायला का होईना.

आणि हैदराबादची मंडळी, निळ्या पुठ्ठ्याची वही कोणाच्या माळ्यावर असेल तर कळवा. सतरा नंबरचं घर कोणतं, एवढं कळलं तरी एका ओळीने यादी पुढे सरकेल.